पहारेकऱ्याची पापणी

"फोटो नाही काढायचाय, काका. पापण्या मिटा आणि उघडा," सेतू केंद्रातली मुलगी चौथ्यांदा म्हणाली.

हयातीचा दाखला भरायची आज शेवटची तारीख होती. तो गेला नाही, तर काकांची पेन्शन थांबणार होती. बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात, म्हणून तिने मोबाइलवर चेहरा ओळखणारं ॲप टाकून घेतलं. पण त्याला पापणी लवलेली दिसायला हवी, आणि काकांनी तीस वर्षं कोषागाराच्या दारात पहारा केलेला. सरकारी काम म्हटलं की मान ताठ, डोळे सताड.

"काकू, आता तुम्हीच बघा काहीतरी," ती शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला म्हणाली.

काकूंनी पदर सावरला आणि उखाणा घेतला, "पहाऱ्यावरच्या शिपायाची पापणी कधी लवेना, हणमंतरावांना मात्र माझ्यावाचून करमेना."

रांगेतली माणसं हसली. काकांचे कान तांबडे झाले आणि पापण्या लाजाळूच्या पानांसारख्या मिटल्या, उघडल्या. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"झालं काका, तुम्ही हयात आहात."

काका खुर्चीवरून उठेनात. बायकोकडे वळून हळूच म्हणाले, "एकदा परत घे. यांच्या मोबाइलला नीट दिसलं नसेल."