तिसरं पातं

ऑरिन बोटीखाली पाठीवर सरकला आणि तिसऱ्या पात्यावर त्याचा हात थांबला. पातं डावीकडे वाकलं होतं.

बोट अजून ट्रेलरवरच होती. आधी ट्रेलरवरच्या फळ्यांची मापं घ्यायची आणि तशीच लिफ्टवर, म्हणजे बोट पाण्याबाहेर उचलून धरणाऱ्या सांगाड्यावर, उतरवायची, ही त्याची रीत. पाण्यावरच्या स्कीच्या बोटीचं सगळं दुखणं तिच्या बुडाखाली असतं. मधोमध ओळीने बोट सरळ धरणारी तीन पितळी पाती, मागे बोट ढकलणारा पंखा. गालिचा मढवलेल्या दोन लांब फळ्यांनी बूड दोन्ही अंगांनी असं उचलून धरायचं, की पाती अधांतरी राहिली पाहिजेत. कुठे टेकली की गेली.

गेल्या जुलैत त्याची पोरगी ब्रिटा तळ्यात पोहायला गेली ती परत आलीच नाही. कुणाची तरी बोट अंगावरून गेली आणि थांबली नाही. खांद्यावरचा घाव पंख्याचा नव्हे, बुडाखालच्या पात्याचा आहे, पातं वाकलं असणार, एवढं शेरीफच्या माणसाने सांगितलं. मग बड्या लोकांच्या बोटी उलट्या करून बघायची वेळ आली, तेव्हा त्याला दुसरी कामं निघाली. तळं गोठलं, प्रकरणही गोठलं.

म्हणून या वसंतात ऑरिनने लिफ्टचं एकही काम नाकारलं नाही. कुणाची फळी कुजलेली, कुणाचा गालिचा फाटलेला. बोटीखाली शिरायला मिळत होतं, तेवढं त्याला पुरे होतं. आजवर सगळी पाती सरळ निघाली होती. हे वाकडं निघालं, आणि ते लोवेल क्विस्टच्या बोटीचं. सेंट पॉलमध्ये जन्मभर लोकांचे दात उपटून इथे येऊन राहिलेला म्हातारा. तळ्यावरच्या निम्म्या पोरांना यानेच स्की शिकवलं होतं. ब्रिटालाही.

"काय रे, झोपलास का खाली?" लोवेलने वरून विचारलं.

"चिखल काढतोय."

"जुलैपासून डावीकडे ओढते मेली. या वेळी फळ्या नीट बसव बाबा."

ऑरिनने पाना घट्ट धरला. जुलैपासून. म्हातारा आपल्या तोंडाने बोलला होता.

लोवेलची बायको आर्डिस कॉफी आणि अंड्याचं सँडविच घेऊन आली. तिचं बोलणं सुरूच होतं. गेल्या उन्हाळ्यात बोट लिफ्टवर ठेवली की खालून ठक आवाज यायचा, लोवेलने ऑरिनला कितीदा फोन लावले, त्याने उचलले नाहीत. मग तीच नवऱ्याला म्हणाली होती, त्या माणसाच्या घरात काय झालंय आणि तू बोटीचं काय घेऊन बसलायस. कॉफी छान झालीय, एवढंच ऑरिन म्हणाला. फोन कशासाठी येत होते ते त्याने मनात ठरवून टाकलं. बापाला संशय आलाय का, हे चाचपायला.

लिफ्ट किनाऱ्यावर उभी होती. त्यानेच बसवलेली, मागच्या वसंतात, पावसात, घाईघाईत. त्याने जुन्या फळ्या सोडवल्या. फळ्यांची उंची ठरवणाऱ्या आधारपट्ट्या सगळ्यात खालच्या भोकांत बसवलेल्या, प्रत्येक बोल्टवर त्याच्या हातचा पिवळा ठिपका. आवळलेल्या बोल्टवर रंग लावायची त्याला सवय होती. बोट झेलणाऱ्या पाळण्याच्या खालच्या आडव्या तुळईवर गेल्या वर्षीचं शेवाळ आणि शिंपल्या वाळून गच्च बसल्या होत्या. एरवी तो आधी तुळई खरवडून लख्ख करायचा, मगच फळीला हात लावायचा. आज त्याने खरवडणी खोक्यातून काढलीच नाही.

नव्या फळ्या त्याने दोन भोकं वर चढवून बसवल्या. डोकं दुसरीकडे असलं तरी हात आपलं काम बरोबर करत होते. शेरीफकडे जावं, असं एकदा मनात आलं. ते म्हणणार, दगडाला लागलं असेल. मग वकील येणार, म्हातारा कोर्टात डोळे पुसणार आणि सुटणार. बडे लोक असेच सुटतात. ऑरिनने नट आवळले, पिवळे ठिपके दिले. कामात खोट निघायला नको होती.

दुपारी लिफ्ट पाण्यात गेली, बोट तिच्यावर आली. ऑरिनने चाक फिरवून पाळणा वर घेतला. पाती मोकळी आहेत का ते मालकाने स्वतः पाण्यात उतरून, हाताने चाचपून बघायचं, मगच ऑरिनचं काम पुरं. हा त्याचा हट्ट सगळ्या तळ्याला ठाऊक होता; मागच्या वसंतात इथे तेवढं पावसापायी राहून गेलं होतं.

रबरी विजार चढवून लोवेल उतरला. हे पाणी आहे की पातळ केलेला बर्फ, असं काहीतरी पुटपुटत तो कमरेइतक्या पाण्यात वाकला आणि तुळईखाली शिरला.

"चांगली वीतभर जागा आहे," आतून आवाज आला. "शाबास रे. ब्रिटा असती तर पहिली फेरी तिचीच होती."

"तिचं नाव घेऊ नकोस," ऑरिन म्हणाला आणि त्याने चाकाचा खटका सोडला.

चाक गरगरलं. बोट खाली आली आणि तुळई लोवेलला खाली दाबत तळाच्या वाळूत रुतली. त्याला ओरडायलाही मिळालं नाही. आर्डिस धक्क्यावर उभी होती. तिच्या हातात टॉवेल होता.

अग्निशमनवाले आले. शेरीफचा तोच माणूस आला. खटके असे निसटतात, तो म्हणाला आणि त्याने ऑरिनच्या खांद्यावर हात ठेवला. बोट बाजूला तरंगत नेली, ट्रकला तार बांधून लिफ्ट किनाऱ्यावर ओढली. लोवेलला कापडात गुंडाळून नेलं. आर्डिस सोबत गेली. जाताना तिने ऑरिनला जवळ घेतलं, तुझा काही दोष नाही म्हणाली.

ऑरिन लिफ्टपाशी एकटा उरला. तुळई वाळूत रगडली गेली होती, शेवाळाचा थर सोलून निघाला होता. तो वाकला. तुळईच्या मधोमध, तिसरं पातं टेकेल नेमकी तिथे, पात्याएवढी खोल खोक पडली होती, डावीकडे कललेली. तिच्यात घासून घासून बसलेलं पितळ चमकत होतं आणि त्या पितळावर गेल्या उन्हाळ्याच्या शिंपल्या चिकटल्या होत्या. वर, सगळ्यात खालच्या भोकाभोवती, त्याचा पिवळा रंग अजून तसाच होता.