तीन महिने काही लावू नका

मेण आधी, कुंकू नंतर. म्हणजे घामानं ओघळत नाही.

पोलिसांच्या नोंदीत: रामकिसन, राहणार तामलवाडी, वय बावीस, डाव्या कानाला भोक. बेपत्ता. खाली तारीख उर्दूत.

तुळजापूरच्या बाजारात कुंकू दोन तऱ्हेचं मिळतं. हळदीचं महाग, रंगाचं स्वस्त. स्वस्त जास्त लाल दिसतं.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची. मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा.

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात बायकांची तपासणी मंगळवारी.

डॉक्टरांनी कापसाचं टोक सत्यभामेच्या कपाळाला टेकवलं.

"डोळे मिटा. लागलं की सांगा."

"लागलं."

"आता?"

"लागलं."

"महारोग नाही," ते तिच्या सासूला म्हणाले.

मथुराबाईनं तोंडावरचा पदर खाली घेतला. "मग काय हाय वो ते? तीन सालं झाली, चिघळतंय."

"कुंकू. त्यातला रंग कातडीला बाधतोय. कडेनं पांढरं पडायला लागलंय, बघा. रोज लावत राहिलात तर ते पांढरं पसरेल, आणि मग जाणार नाही. तीन महिने काही लावू नका. मेणसुद्धा नको."

"हळदीचं आणते. महागाचं."

"आत्ता तेही नको."

"मग सुई द्या."

"सुईनं जायचं नाही हे."

"डागदर, हिला नवरा हाय."

"मग त्यांना सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून."

बोलली ती सत्यभामा. गाडी किती वाजता आहे, असं विचारावं तशी.

"सालभर दम धरला तर चालंल का? पुढच्या भादव्यात बारा सालं भरत्यात. मग तसंबी पुसायचंच हाय."

मथुराबाई तिच्याकडं बघत राहिली. "तू मोजतीस व्हय?"

"सगळं गाव मोजतंय, आत्याबाई."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर मलमाचं नाव लिहिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली.

शरणम्मा नर्सनं कोमट पाण्यात बोळा बुडवला. मथुराबाई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. अकरा वर्षं रोज सकाळी सुनेच्या कपाळावर ती स्वतः कुंकू लावत आली होती. सून आजारी असली तरी, बाहेरची असली तरी. त्यावर आपलं पोरगं कुठंतरी जितं आहे, असं तिनं धरलं होतं.

"झालं, अव्वा," शरणम्मा म्हणाली.

मथुराबाई वळली नाही. तशीच दाराबाहेर गेली. स्टँडपर्यंत ती पुढं चालली, सत्यभामा मागं.

तुळजापूरच्या गाडीला वेळ होता. बाकड्यावर गजराबाई बसली होती, त्यांच्याच गल्लीतली. शेजारी बाजाराची पिशवी. तिनं हसून सरकून जागा केली आणि मग तिला सत्यभामेचं कपाळ दिसलं. कुंकू नाही. त्या जागी कातडी लाल, ओली. आत्ताच कुणी रगडून पुसल्यासारखी.

गजराबाई उठली. "कधी कळलं, अक्का?"

सत्यभामेनं मलमाची डबी पुढं केली. "तसं न्हाय, मावशी. डागदरनं..."

पण गजराबाईनं तोवर मथुराबाईच्या गळ्यात हात टाकले होते. "अकरा सालं झुलवलं गं बाई त्यानं तुला. जीव लावला आन् झुलवलं."

मथुराबाई ताठ उभी होती. नाही म्हणायला तिला पुष्कळ वेळ होता. समोर कंडक्टर गाडीच्या टपावर पोती चढवून घेत होता. एक चढलं, दुसरं चढलं.

"गेलं गं," मथुराबाई म्हणाली. "माझं लेकरू गेलं."

मग ती खाली बसली आणि रडायला लागली. आसपासच्या बायका उठून आल्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही. एकीनं पाणी आणलं. एकीनं सत्यभामेच्या डोक्यावरचा पदर पुढं ओढून दिला.

"आत्याबाई," सत्यभामा म्हणाली. "सांगा की त्यांना."

मथुराबाईनं वर बघितलं. कपाळाकडं बघितलं, नीट, पहिल्यांदाच. आणि मान खाली घातली.

एका म्हाताऱ्या बाईनं सत्यभामेचं मनगट धरलं आणि बाकड्याच्या लोखंडी कडेकडं नेलं. हिरव्या बांगड्या होत्या, सहा. सत्यभामेनं हात काढून घेतला नाही.

नांदायला आल्यापासून ती आणि रामकिसन एका घरात एकोणीस दिवस राहिले होते.