सुईची उडी

सायकल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं होतं. आत टांगलेल्या रिमांखाली मिस्त्री ड्रमपुढे बसला होता, त्याची ताई ट्रम्पेट घेऊन उभी होती आणि दाजी थोरल्या व्हायोलिनसारख्या, स्वतःपेक्षा उंच बासला मिठी मारल्यासारखे धरून होते. समोर, दुकानातल्या एकुलत्या एक धड खुर्चीवर, तो म्हातारा बसला होता. ही तिघं वाजवणार होती तो अख्खा जॅझ अल्बम त्याचा. आज त्या अल्बमला पन्नास वर्षं होत होती.

दर वर्षी या तारखेला ही तिघं दुकान बंद ठेवून अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत. ऐकायला सहसा कुणी येत नसे, आणि आलंच तर टिकत नसे. यंदा म्हातारा अल्बमच्या पन्नाशीच्या समारंभासाठी शहरात आलाय असं कळल्यावर ताई सरळ हॉटेलात गेली आणि त्याला घेऊनच आली. तेव्हापासून मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ज्याचं ऐकून आपण वाजवायला शिकलो, तो आपल्याला काय म्हणेल, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. आणि त्याचीच धडकी भरली होती.

रेकॉर्डची पहिली बाजू बिनबोभाट पार पडली. म्हातारा पायाने ठेका धरत होता. दुसऱ्या बाजूच्या पहिल्याच गाण्यात, ट्रम्पेट चांगलं रंगात आलं असताना, मिस्त्रीने ड्रमच्या कडेवर काठी मारली. टक्! आणि तिघांनी झोकात पुढची सुरावट गाठली.

म्हाताऱ्याचा पाय थांबला.

गाणं संपेपर्यंत तो हलला नाही. मग म्हणाला, "तो टक् कुठून आणलात?"

"तुमच्याच रेकॉर्डवरून," मिस्त्री म्हणाला.

"आम्ही असं काही वाजवलं नव्हतं."

"वाजवलंय साहेब!" आता दाजींनी तोंड घातलं. हा मुद्दा ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला समजावत आले होते, गॅस सिलिंडरवाल्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. "तिथे तुम्ही मधलं सगळं सोडून मुद्दाम उडी घेता. ऐकणारा बेसावध, आणि तुम्ही केव्हाच पुढे पोचलेले! तीच तर तुमची खुबी."

"माझी?"

ताईने रेकॉर्ड काढून दिली. बाबांनी आणलेली ही एकच; दुसरी प्रत कधी मिळालीच नव्हती. म्हाताऱ्याने ती उजेडात तिरकी धरली आणि तिच्यावरून हलकेच नख फिरवलं. एका जागी नख अडलं. तिथे केसाएवढा ओरखडा होता. दर वेळी सुई तिथे टक् करून उडत होती, आणि ही मंडळी सुईच्या मागोमाग.

मग सुई इतकी वर्षं जो तुकडा गिळत आली होती, तो म्हाताऱ्याने हळूच गुणगुणून दाखवला. छोटासाच होता. जिना उतरताना एकदम काही आठवावं आणि माणसाने पुन्हा वर जावं, तसा. ताईचे डोळे भरून आले. इतकं सुंदर काहीतरी घरातच होतं, आणि आपण दर वर्षी त्याच्यावरून उडी मारून जात होतो!

मिस्त्रीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "चुकलंच आमचं, साहेब," तो म्हणाला. "आणि काय हो दाजी, म्हणे खुबी!"

"अरे, मला काय माहीत? म्हटलं, जॅझ आहे, असंच असेल," दाजी बासच्या आडून पुटपुटले.

म्हातारा उठला. "हेच गाणं पुन्हा एकदा," म्हणत त्याने ताईपुढे हात केला. तिने ट्रम्पेट बाहीला पुसून त्याला दिलं.

मिस्त्रीने काठ्या उचलल्या. आता चुकायचं नाही. टक् नाही, उडी नाही. तो तुकडा येईल तेव्हा शहाण्यासारखा ठेका धरून ठेवायचा आणि साहेबांना मनसोक्त वाजवू द्यायचं. त्याने दाजींकडे पाहून डोळे वटारले. दाजींनी समजल्याची मान डोलावली.

गाणं सुरू झालं. म्हाताऱ्याच्या फुंकरीने वरच्या रिमा झणझणायला लागल्या. शटरखालून रस्त्यावरच्या चपला-बूट थबकलेले दिसले. ती जागा जवळ आली तशी मिस्त्रीने काठी कडेपासून लांब ठेवली, श्वास रोखला आणि इमानेइतबारे ठेका धरून राहिला.

म्हाताऱ्याने टाच आपटली, टक्! आणि ऐटीत उडी मारून पुढच्या सुरावटीत जाऊन पोचला. एकटाच.

ट्रम्पेट पुढे, ड्रम आणि बास मागे, कुणाचा कुणाला पत्ता नाही. थोडा वेळ नुसता कल्ला झाला आणि मग सगळंच थांबलं.

"साहेब, आम्ही तुमचं वाजवत होतो!" मिस्त्री ओरडला.

"आणि मी तुमचं!"

ताईला आधी हसू फुटलं. दाजी तर बासला धरून हसत हसत खालीच बसले. मिस्त्रीच्या छातीवरची धोंड उतरली. आयुष्यात इतका बेसूर आणि इतका आनंदात तो कधीच नव्हता.

म्हाताऱ्याने डोळे पुसले. "पन्नास वर्षं वाजवतोय मी हे गाणं," तो म्हणाला. "लोकांना ते रेकॉर्डवर आहे तसंच्या तसं लागतं. संध्याकाळी समारंभातही तसंच वाजवीन. पण पुढच्या क्षणी काय होणार हे मला माहीत नाही, असं आज कितीतरी वर्षांनी झालं."

ट्रम्पेट ओठांना लावता लावता तो थांबला आणि मिस्त्रीकडे बघून म्हणाला, "चला, पुन्हा एकदा. आणि आता कुणी कुणाला खुणा करायच्या नाहीत."