बोटभर ओल

"निर्जंतुक मातीत जिवाणू आले कुठून?" बिडवई सरांचा आवाज काचघरभर घुमला.

अर्ध्या कुंड्यांतल्या हरभऱ्याला हर्षालीने जिवाणू दिले होते, अर्ध्यांना मुद्दाम उपाशी ठेवलं होतं. जिवाणू मित्र आहे हे ओळखलं, की मूळ आपली खास जनुकं जागी करतं आणि त्याला राहायला गाठ बांधून देतं. उपाशी मुळांत ती जनुकं झोपलेलीच हवी होती. पण पुढच्या रांगेत सगळी टक्क जागी निघाली. मुळावरची गाठ कापली, तर आत गुलाबी. म्हणजे पाहुणा चांगलाच मुरलेला. पीएचडीचं अख्खं वर्ष वाया.

"हातमोजे घालत नसशील तू," सर चालता चालता करवादले. रोजच्या सवयीने त्यांनी जिवाणूवाल्या कुंडीत बोट खुपसलं. "इथे ओल ठीक आहे." मग तेच बोट शेजारच्या उपाशी कुंडीत. "इथे पाणी कमी पडतंय."

हर्षाली नुसती त्या बोटाकडे बघत राहिली. सरांनीही बघितलं. मग हात हळूच पाठीमागे नेला.

"मुदतवाढ मी मागून देतो," ते खालच्या आवाजात म्हणाले.

नव्या प्रयोगात दाराशीच एक जादा कुंडी होती, 'फक्त सरांच्या बोटासाठी' अशी चिठ्ठी लावलेली. शेतावरून आले की सर इमानाने तिथेच ओल बघायचे. त्या हरभऱ्याला कुणी जिवाणू दिले नव्हते. तरी हंगामाअखेर सगळ्यात टपोऱ्या गाठी त्यालाच आल्या.