न लागलेलं कोपर

सुवर्णाची शिट्टी वाजली आणि मैदानाभोवतीचा सगळा गलका तिच्यावरच उलटला.

"लागलं कुठं? लागलंच नाही!"

खरंच लागलं नव्हतं. यजमान कॉलेजच्या शिवमनं बास्केटबॉलच्या रिंगवरून उसळलेला चेंडू पकडला, छातीशी धरला आणि दोन्ही कोपरं बाहेर काढून असा गर्रकन फिरला, की मागे उभा असलेला संग्रामपूरचा धम्मदीप मान मागे टाकून कसाबसा वाचला. नाक थोडक्यात बचावलं. पण सुवर्णानं दोन्ही तळव्यांचा टी करून दाखवला. टेक्निकल फाऊल!

शिवमचा हा दुसरा. पहिल्या सत्रात त्यानं असंच कोपर मारून संग्रामपूरच्या एका पोराचा ओठ फोडला होता, तो फाऊल त्याच्या नावावर होताच. असे दोन झाले की खेळाडू बाहेर. अंतिम सामना, चार मिनिटं बाकी, दोन्हीकडे एक्केचाळीस, आणि यजमानांचा हुकमी गडी बाहेर! बाई शुद्धीवर आहे का, असं कोणीतरी ओरडलंसुद्धा.

दुसरे पंच तुळशीराम सर खाली बसून बुटाची नाडी बांधू लागले. नाडी सुटलेली नव्हती.

यजमान कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष भगवानराव खुर्चीवरून उठले आणि सरळ मैदानात आले. त्यांना कोण अडवणार? जिल्ह्यातल्या सामन्यांना कोणते पंच बोलवायचे, ती यादी त्यांच्याच सहीनं निघते. आणि सुवर्णाला सात वर्षं शाळकरी पोरांचे सामने खेळवल्यावर यंदा कुठे कॉलेजचा अंतिम सामना मिळाला होता.

"काय मॅडम, लागल्याबिगर फाऊल? हे कोणतं शास्त्र काढलं तुम्ही?"

"नियमच हाय सर. कोपर तसं फिरवलं, की लागो न लागो, फाऊल."

भगवानरावांनी तिच्याशी बोलणंच सोडलं. ते धम्मदीपकडे वळले. "काय बे, तुले लागलं काय? खरं सांग."

धम्मदीपनं आधी आपल्या पोरांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नाही लागलं."

झालं! हशा पिकला, टाळ्या पडल्या. भगवानरावांनी दोन्ही हात पसरून सगळ्या मैदानाला दाखवलं, की बघा, विषय मिटला.

सुवर्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोराचा राग नव्हता तिला. पोरगं खरं तेच बोललं होतं.

"धम्मदीप," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "लागलं नाही, तं मागं काऊन सरकला?"

"सरकलो नसतो तं लागलं असतं ना मॅडम." तो जरा थांबला. "आज पहिल्यापासून मागंच सरकून राह्यलो मी."

हसणाऱ्यांतल्या काहींनी शिवमकडे पाहिलं, सगळ्यांनी नाही.

भगवानराव तिच्या जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "पुढच्या सालची यादी मलेच पाठवायची हाय मॅडम. ध्यानात हाय ना?"

ध्यानात होतंच तिच्या. खोटं कशाला सांगा? सात वर्षं उन्हातान्हात पळून कमावलेली शिट्टी होती ती, आणि असले सामने काही रोज मिळत नाहीत.

"हाय ना सर. माझं नाव कापून पाठवा. हा फाऊल मात्र कापल्या जात नाही. आन् आता लाइनीच्या बाहेर व्हा, तुमच्यापायी खेळ थांबला."

एवढं बोलून तिनं दोन्ही मुठी आवळल्या आणि डोक्यावर उंच धरल्या. खेळाडूला मैदानाबाहेर काढायची पंचांची हीच खूण. मुठी पार शेवटच्या रांगेतल्यांनाही दिसत होत्या. शिवम कमरेवर हात ठेवून होता तिथंच उभा राहिला. अर्धं मिनिट गेलं, मग एक गेलं. तिचे खांदे भरून आले.

"हात खाली घ्या मॅडम," भगवानराव म्हणाले. "तमाशा होऊन राह्यला."

"शिवम बाहेर जाऊ द्या, मंग घेते."