छातीवरची फुली

दारू पिऊन गाडी चालवताना व्हर्नाच्या नवऱ्याचा, इयनचा जीव घेणारा क्लाइड तुरुंगातून सुटला आणि पहिल्याच रविवारी चर्चमध्ये आला. वेदीपुढच्या कठड्याशी नेमके माझ्या शेजारीच त्याने गुडघे टेकले. पाद्री प्रभुभोजनाची भाकर देत पुढे सरकले. त्यांच्या मागून वाइनचा प्याला घेऊन येत होती मदतनीस व्हर्ना.

"दुसऱ्या टोकाला बसायला काय धाड भरली होती याला?" माझ्या दुसऱ्या बाजूची एड्ना कानात फिसकारली.

व्हर्नाने त्याच्यापुढेही प्याला धरला. वाइन नको असेल तर छातीवर हातांची फुली करायची, ही आमच्याकडची रीत. क्लाइडने मान खाली घातली आणि फुली केली.



"त्या दिवशी असंच नको म्हणाला असतास," व्हर्ना हळूच म्हणाली, "तर हा प्याला आजही इयनच्याच हातात असता."