ती उलटी माझीच

“ती माझी उलटी आहे,” बाबांच्या आधी सोफ्याजवळ पोचून मी जाहीर केलं.

आमच्या तेरा वर्षांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला, भुंग्याला, बिनमिठाचा मऊ भात आणि उकडलेला भोपळा सोडून काहीच पचत नाही. घरात आणखी एकदा उलटी केली, तर याची रवानगी काकांच्या शेतावर, असं बाबांनी बजावलं होतं. आणि मी शहाणीने माझ्या पानातल्या तिन्ही अळूवड्या टेबलाखालून त्यालाच भरवल्या होत्या.

बाबांनी वाकून पाहिलं. “यात अळूवडी दिसतेय. तू कधीपासून खायला लागलीस?”

भुंग्याने माझ्या पायावर हनुवटी टेकली. मी आईकडे बघितलं. अळू खाल्लं की माझा घसा खाजतो, हे तिला पक्कं माहीत आहे.

“अहो, हल्ली फार आवडतात तिला,” आई शांतपणे म्हणाली. “अधाशासारख्या खाल्ल्या, म्हणून बाधल्या.”

दुसऱ्या दिवशी आईने उरलेल्या पाचही वड्या माझ्या पानात वाढल्या. बाबा समोरच बसले होते. मी एकेक करून सगळ्या संपवल्या आणि खवखवत्या घशाने म्हणाले, “मस्त झाल्यात.”

“एवढ्या आवडतात, तर दर रविवारी करत जा,” बाबा आईला म्हणाले.

“करते की,” आई म्हणाली.